पुसू नये

एकदा एक प्राध्यापक निवडून आले.

गोष्ट इथूनच धरायला हवी, कारण त्याआधीची त्यांची पंचवीस वर्षे इतकी सरळ गेली होती की ती चार ओळींत आटोपतात. एका जुन्या विद्यापीठात ते भूगोल शिकवीत. अधिव्याख्याता म्हणून लागले, पुढे प्रपाठक झाले, प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. आणि प्रत्येक वेळी मिळालेले शाल-श्रीफळ घरी ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच दोन नंबरच्या वर्गात जाऊन उभे राहिले. आवाज खणखणीत, अक्षर त्याहून सुरेख. नद्यांविषयी बोलू लागले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. मुलांना येत असे, पण ती उठत नसत.

त्यांची एक सवय मात्र सांगायला हवी. वर्गात कोणी असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर त्यांना येत नाही, तर ते शब्दांची फिरवाफिरवी करीत नसत. ‘पाहून सांगतो,’ एवढेच म्हणत. मग फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट आखत, तीत तो प्रश्न लिहीत, शेजारी तारीख घालत आणि चौकटीखाली दोन शब्द लिहीत: पुसू नये. पुढच्या तासाला कोणी दुसरे शिकवायला आले तरी सारा फळा पुसून ती चौकट तेवढी ठेवीत. झाडणाऱ्या शिपायालाही ते ठाऊक होते. उत्तर सापडले की प्राध्यापक वर्गात येऊन हजेरीच्याही आधी ते सांगत आणि मग चौकट स्वतःच्या हाताने पुसत.

ही सवय त्यांची स्वतःची नव्हती, गुरूंकडून आली होती. गुरू म्हणजे त्याच विभागाचे आधीचे प्रमुख. सारे विद्यापीठ त्यांना ‘मोठे सर’ म्हणे. निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षे झाली होती. कानांनी कमी ऐकू येई. पण ज्याला ऐकवायचे नाही असे काही कुजबुजले, तर तेवढे हमखास ऐकू येई.

प्राध्यापकांच्या आयुष्यातली सर्वांत दीर्घायुषी चौकट एकोणीस दिवस टिकली. रंजना ढेबे नावाची, डोंगरातल्या एका वाडीवरून शिकायला आलेली मुलगी होती. तिने विचारले होते की आमच्या डोंगराच्या उगवतीकडची माती तांबडी आणि मावळतीकडची काळी, असे का. पुस्तकातले उत्तर प्राध्यापकांना येत होते, पण ते त्या डोंगराला लागू पडते की नाही याची त्यांना खात्री नव्हती. रविवारी ते एस.टी.ने तिच्या गावाच्या पायथ्याशी उतरले, तिच्या वडिलांबरोबर डोंगर चढले, दोन्ही अंगांची माती वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून घेऊन आले आणि ती तपासून घेतली. एकोणिसाव्या दिवशी दोन्ही पुड्या टेबलावर सोडून त्यांनी उत्तर सांगितले. त्या दिवशी वर्गाने हात मळवून घेतले. पाहून सांगतो, याचा अर्थ त्या वर्गापुरता तरी असा होता.

असा माणूस राजकारणात कसा गेला, याची काही मोठी कथा नाही. आधी विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून गेले. तिथे त्यांचे बोलणे लोकांना आवडले. मग एका पक्षाची माणसे घरी आली आणि पदवीधर मतदारसंघातून उभे राहा म्हणाली. नुसते सांगत बसण्यापेक्षा काही करता आले तर करावे, असे प्राध्यापकांच्याही मनात बरेच दिवस होते. ते मोठ्या सरांचा निरोप घ्यायला गेले. सर नाराज होतील असे त्यांना वाटले होते, पण सर म्हणाले, ‘जा. चांगली माणसं तिथंही लागतात. फक्त फळा बरोबर ने.’

प्राध्यापकांनी ते शब्दशः घेतले. निवडून आल्यावर शहरात जे कार्यालय थाटले, त्याच्या बाहेरच्या खोलीत, लोक बसतात तिथे, सागवानी चौकटीचा एक खरा काळा फळा त्यांनी लावून घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचे अप्रूप वाटे. एका वर्तमानपत्राने त्यांचा त्या फळ्यासमोर उभे असतानाचा फोटोही छापला. पुढे त्या फळ्यावर कार्यकर्ते साहेबांचा दिवसाचा दौरा लिहू लागले, कारण ‘सर’ एव्हाना ‘साहेब’ झाले होते.

साहेबांचे स्वीय सहायक गवारे. या माणसाने याआधी दोन आमदारांकडे मिळून पंधरा वर्षे काढली होती आणि मोठ्या माणसांच्या शब्दांचा एक कोशच मनात तयार केला होता. ‘करतो’ म्हणजे कदाचित. ‘बघतो’ म्हणजे नाही. ‘पाहून सांगतो’ म्हणजेही नाहीच; पण ते शिकल्यासवरल्या माणसाला द्यायचे, इस्त्री केलेले ‘नाही’. पहिल्या वर्षी साहेब ‘पाहून सांगतो’ म्हणून गवाऱ्यांकडे वळत आणि ‘लिहून घ्या’ म्हणत. गवारे निमूट लिहून घेत. पण वर्गात साठ मुले असतात आणि त्यांतली दोनच प्रश्न विचारतात. इथे रोज साठ माणसे येत आणि साठही विचारत. डायरी भरली. दुसऱ्या वर्षी साहेबांनी वळून पाहणे सोडले. तिसऱ्या वर्षी त्या दोन शब्दांत ‘पाहणे’ नावाचे एक क्रियापद आहे, हे ते स्वतःही विसरले. कोणी खडसावून विचारले असते तर लगेच आठवलेही असते, पण विचारणार कोण?

त्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, डोंगराकडच्या एका तालुक्यात साहेबांचा सत्कार होता. भाषणे झाली. कोणाला काही विचारायचे असल्यास विचारावे, असे सूत्रसंचालकाने उगीच शिष्टाचार म्हणून म्हटले आणि मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. साहेबांनी तिला ओळखले. ती रंजना ढेबे होती. आता ती तिच्याच गावाजवळ, धामणदऱ्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने सरळ प्रश्न मांडला. शाळेमागच्या टेकडीवर या पावसाळ्यात लांबलचक भेग पडली आहे. खाली एकतीस मुले बसतात. शाळा तिथे भरवावी की भरवू नये?

साहेबांना आनंद झाला. आपली विद्यार्थिनी शिक्षिका झाली, इतक्या लोकांत निर्भीडपणे बोलली, याचे त्यांना मनापासून कौतुक वाटले. ते त्यांनी बोलूनही दाखवले आणि म्हणाले, ‘पाहून सांगतो.’ टाळ्या झाल्या. पुढचा हार आला. मागे बसलेल्या गवाऱ्यांनी डायरी उघडलीच नाही.

यानंतर काय घडले ते प्राध्यापकांना सात महिने ठाऊक नव्हते. वाचकांपासून ते लपवून ठेवण्यात मात्र काही अर्थ नाही.

रंजनाबाईंनी ते दोन शब्द दोन नंबरच्या वर्गातले समजून घेतले. सर येतील, पाहतील, सांगतील. तोवर मुलांना भेगेखाली बसवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. पुढच्याच सोमवारी ओढ्यापलीकडच्या देवळाच्या सभामंडपात त्यांनी शाळा हलवली. फळाही हलवला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून प्रश्न लिहिला, तारीख घातली, खाली ‘पुसू नये’ लिहिले. रोज सकाळी त्या चौकटीशेजारी किती दिवस झाले तो आकडा बदलू लागल्या.

थंडीत तालुक्याहून विस्तार अधिकारी तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता. पण शाळेला इमारत असताना शाळा देवळात भरते, तीही परवानगीवाचून, हे त्यांना कागदावर कसे मांडावे ते कळेना. कोणाच्या सांगण्यावरून हलवली, असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या की कोणाच्या सांगण्यावरून नाही, पण आमदारसाहेब स्वतः पाहून सांगणार आहेत. अधिकाऱ्यांनी तिथूनच गवाऱ्यांना फोन लावला. गवाऱ्यांनी विचारले की साहेब नेमके काय म्हणाले. ‘पाहून सांगतो म्हणाले,’ असे कळल्यावर ते म्हणाले, ‘मग झालं तर.’ अधिकारीही त्याच भाषेत मुरलेले होते, त्यांना अर्थ लागला. बाईंना कारणे दाखवा नोटीस गेली, आणि उन्हाळ्यात लेखी आदेश आला की जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी ती इमारतीतच भरली पाहिजे, नाहीतर निलंबन. म्हणजे एका बाजूला नोकरी होती आणि दुसऱ्या बाजूला एकतीस मुले. मध्ये चार शब्दही नाहीत, दोनच.

मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी मोठे सर काठी टेकत साहेबांच्या कार्यालयात आले. साहेब आत होते. राजधानीत मंत्रिमंडळाचा विस्तार व्हायचा होता, यादीत त्यांचे नाव घेतले जात होते, आणि त्याविषयी आत चारजण खलबते करीत बसले होते. गवाऱ्यांनी खुर्ची पुढे केली, पण सर बसले नाहीत. फळ्याकडे पाहत राहिले. मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा खडू काढला, उजव्या वरच्या कोपऱ्यातला दौऱ्याचा मजकूर बाहीने पुसला, एक चौकट आखली आणि तिच्याखाली लिहिले: पुसू नये. चौकटीच्या आत काहीच लिहिले नाही. गवाऱ्यांनी नम्रपणे विचारले की आत काही राहिले का. सरांना बहुधा ऐकू आले नाही. आले तसे ते निघून गेले.

संध्याकाळी साहेबांनी ती चौकट पाहिली आणि त्यांना गहिवरून आले. गुरूने जुनी आठवण म्हणून आशीर्वाद ठेवला, असे ते समजले. कोणी हात लावू नका, असे त्यांनी बजावले.

त्यानंतरच्या दिवसांत कार्यालयात एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. कामे घेऊन येणारी माणसे बाकावर बसत, वेळ जात नाही म्हणून फळा वाचत, आणि त्यांतली काही उठून चालू लागत. एक म्हातारबा बऱ्याच लांबून, वाडीच्या पाण्याचा अर्ज घेऊन आले होते. त्यांनी एकेक अक्षर लावत तो मजकूर वाचला आणि शेजारच्याला म्हणाले, ‘इथं काय पुसू नये, असं लिवलंय. चला.’ बिचाऱ्यांच्या बोलीत पुसणे म्हणजे विचारणे. शहरातल्यांच्या बोलीतही ते अगदी गेलेले नाही. विचारपूस करतात, आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याला कोण पुसतो, असेही म्हणतात. आठ दिवसांत गर्दी निम्म्यावर आली.

गवाऱ्यांना याचे कौतुक वाटले. ते एकदा सहज बोलून गेले, ‘साहेब, मोठ्या सरांनी फार कामाचं लिहून दिलंय. लोक आपसूक कमी झाले.’ कसे काय, असे साहेबांनी विचारल्यावर त्यांनी म्हातारबांची हकीकत सांगितली आणि आत बसलेले दोघे पाहुणे पोट धरून हसले.

साहेब हसले नाहीत. ते उठून बाहेर आले आणि फळ्यासमोर उभे राहिले. पंचवीस वर्षे स्वतःच्या हाताने लिहिलेले ते दोन शब्द त्यांनी प्रथमच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचले. आधी त्यांना राग आला. या वयात सरांनी आपली अशी थट्टा करावी, तीही चारचौघांत, हे त्यांच्या मनाला लागले. गाडी काढायला सांगून ते तडक सरांच्या घरी गेले.

मोठे सर ओसरीवर खळीचे भांडे घेऊन बसले होते. विभागातले जुने कापडी नकाशे फाटले की अजूनही त्यांच्याकडे येत आणि ते मागून कापडाच्या पट्ट्या चिकटवून देत. त्यांनी शिष्याला समोर बसायला सांगितले आणि नकाशाचे एक टोक धरायला दिले. आमदाराने निमूट टोक धरले. मग म्हणाले, ‘सर, चौकट रिकामी का ठेवलीत?’

‘आत काय लिहायचं ते तुला ठाऊक असेल असं वाटलं.’

‘मला नाही आठवत.’

‘म्हणून रिकामी ठेवली,’ सर म्हणाले आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिले.

मग त्यांनी धामणदऱ्याची सारी हकीकत सांगितली. रंजना ढेबे त्यांच्याकडे येऊन गेली होती. साहेबांच्या कार्यालयातही ती दोनदा जाऊन आली होती, पण तिथे साहेब पाहून सांगणार आहेत ना, मग वाट पाहा, असे तिला सांगण्यात आले होते. ‘तिनं तुझी तक्रार केली नाही,’ सर म्हणाले. ‘तिनं मला एकच गोष्ट विचारली. सरांना पाहून सांगायला सगळ्यांत जास्त दिवस किती लागले होते? मी म्हटलं, एकोणीस, तुझ्याच प्रश्नाला. ती म्हणाली, मलाही तेच आठवत होतं. आता दोनशेला चार कमी झालेत, तेव्हा माझं मोजण्यात काही चुकतंय का, एवढंच पाहायला आले.’

प्राध्यापकांच्या हातातले नकाशाचे टोक सुटले. त्यांना भयंकर लाज वाटली. शाळा उघडायला दहा दिवस उरले होते, पाऊस त्याच्याही आधी येऊ शकत होता. त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले की मी आत्ताच्या आत्ता वर बोलतो, ती नोटीस संध्याकाळपर्यंत मागे घ्यायला लावतो.

सरांनी खळीचा हात तसाच त्या फोनवर ठेवला.

‘नोटिशीबद्दल तिनं मला एक अक्षर सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तू फोन केलास तर नोटीस जाईल, हे मला माहीत आहे. ते तुझ्या अधिकाराचं काम आहे, तेही कर. पण त्यानं तिच्यावर उपकार होईल आणि तिचा प्रश्न होता तिथंच राहील. तिनं विचारलं ते भेगेबद्दल.’

ते पुढे म्हणाले, ‘तू राजकारणात गेलास याचं मला वाईट वाटलं नाही. तू कोणाला फसवलं असंही मी म्हणणार नाही. लोकांच्या तोंडाला पानं पुसणारा तू नव्हेस. पण एक गोष्ट बघ. वर्गात वर्षानुवर्षं तू तेच दोन शब्द लिहीत होतास, आणि एकाही पोरानं त्यांचा अर्थ विचारू नये असा घेतला नाही. का? आत कुणाचा तरी प्रश्न असायचा, म्हणून. प्रश्न आत होता तोवर त्या शब्दांचा अर्थ मिटवू नका असा होता. तू प्रश्न लिहायचं सोडलंस, आणि शब्दांनी आपला अर्थ बदलला. मी तुझ्या फळ्यावर नवं काहीच लिहिलं नाही. तिथं जे होतं तेच लोकांना वाचता येईल असं केलं.’

प्राध्यापकांनी सुटलेले टोक पुन्हा धरले, आणि पट्टी वाळेपर्यंत दोघे तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीत बैठक होती. प्राध्यापकांनी गवाऱ्यांना सांगितले की आपण तिकडे जाणार नाही, धामणदऱ्याला जाणार आहोत. गवाऱ्यांनी पत्रकारांना कळवू का, म्हणून विचारले, आणि नको म्हटल्यावर त्यांना खरोखरच काळजी वाटली. घरातल्या माळ्यावरून जुनी मोजपट्टी आणि भूगोलाच्या सहलींना न्यायची ती कॅनव्हासची पिशवी निघाली.

टेकडी दिसते तेवढी लहान नव्हती. तीन वर्षांत साहेबांना व्यासपीठाच्या पायऱ्यांहून मोठी चढण चढावी लागली नव्हती. त्यांना धाप लागली, गवाऱ्यांचा तर जीव मेटाकुटीला आला. रंजनाबाई पुढे चालत होत्या आणि मधून मधून थांबत होत्या. वर पोचल्यावर प्राध्यापकांनी भेग पाहिली. चंद्रकोरीसारखी वळत ती उतारावरून गेली होती. खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा वीतभर खचली होती, दोन झाडे खालच्या अंगाला कलली होती. भेगेच्या दोन्ही काठांवर बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, समोरासमोर, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक खिळा. सहलीत त्यांनीच शिकवलेले होते ते.

बाईंनी दर शनिवारी दोन खिळ्यांमधले अंतर मोजले होते. सुरुवातीला बेचाळीस सेंटिमीटर होते. प्राध्यापकांनी आपली पट्टी लावली तेव्हा एक्कावन्न भरले. पावसाचा थेंब नसताना, कोरड्या महिन्यांत, जमीन एवढी सरकली होती. इतके सारे मोजले होतेस तर मग अडले कुठे, असे त्यांनी विचारले.

‘मोजता येतं, सर,’ त्या म्हणाल्या. ‘त्यावरून ठरवायचं काय, ते नक्की कळत नव्हतं. म्हणून तर विचारलं.’

‘मला उशीर झाला.’

‘झाला खरा,’ त्या म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितले नाही आणि प्राध्यापकांनाही ते गोड करून नको होते.

खाली उतरून ते ओढा ओलांडून देवळात आले. सुट्टीमुळे सभामंडप रिकामा होता. फळा खांबाला टेकवून ठेवलेला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात चौकट होती, शेजारी दोनशे आठचा आकडा. प्राध्यापकांनी चौकटीखाली, आपल्या जुन्या सुरेख अक्षरांत उत्तर लिहिले: शाळा त्या इमारतीत भरवू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. टेकडीखालच्या घरांनीही पावसाआधी हलावे. घरांचे काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या की घरे थंडीतच हलवली, ती माझ्या शब्दावर हलली. शाळेसाठी तेवढा माझा शब्द तालुक्याला पुरला नाही.

मग त्यांनी तेच सविस्तर, मोजमापांसकट, शाळेच्या वहीच्या कागदावर लिहून दिले आणि खाली सही करून ‘भूगोल विभाग’ असे लिहिले. गवाऱ्यांनी तो कागद वाचला, मान हलवली आणि पिशवीतून आमदारांच्या नावाचा छापील कागद काढून त्यावर चार ओळींचे पत्र तयार केले, जोडायला. नुसत्या प्राध्यापकाचे तालुक्यात कोण ऐकतो, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होते. ती नोटीस मागे घ्यायला दोन्ही कागद लागले, हे सांगितले पाहिजे. राजधानीतल्या यादीत त्यांचे नाव आले की नाही, याची ज्याला उत्सुकता असेल त्याची या गोष्टीपाशी निराशा होईल.

सारे आटोपले. प्राध्यापक पिशवी उचलू लागले. रंजनाबाईंनी फळ्याखालचे डस्टर हातात घेतले आणि विचारले, ‘सर, आता पुसू?’

प्राध्यापक थबकले. तिला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते त्यांना चटकन कळेना. मग दोन्हींचे उत्तर एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

‘पूस,’ ते म्हणाले.

बाईंनी चौकट पुसली, आकडा पुसला, नीट कोपऱ्यापर्यंत. मग डस्टर खाली न ठेवताच म्हणाल्या, ‘मग नवी इमारत कधी, सर? देवळात किती वर्षं बसायचं?’

तीन वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. ‘पाहून...’ इथवर शब्द आलेही, आणि मागे उभ्या असलेल्या गवाऱ्यांनी नेहमीप्रमाणे डायरी मिटली. प्राध्यापक बोलता बोलता थांबले. त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. त्या ओल्या दिसणाऱ्या काळ्या कोपऱ्यात त्यांनी चौकट आखली, तिच्या आत प्रश्न लिहिला, तारीख घातली आणि खाली ते दोन शब्द लिहिले.

मग मागे वळून त्यांनी गवाऱ्यांकडे पाहिले. गवाऱ्यांनी एकदा फळा वाचला, एकदा साहेबांचा चेहरा वाचला, आणि मिटलेली डायरी पुन्हा उघडली.